काचेतल्या समुद्राचा जमाखर्च

गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा समोर येऊन उभा राहिला. वय तेवीस, शिक्षण बारावी. वर्सोवा, यारी रोड, सात बंगला या भागातल्या मोठ्या घरांतून फिश टँकची देखभाल करण्याचे काम करतो. नेहमी हसतमुख असणाऱ्या पोराचा चेहरा उतरलेला होता.

"मामा, जयभीम. माझा दोन महिन्यांचा पगार अडकवलाय. खाऱ्या पाण्याच्या टाकीतली कोरलं पांढरी पडली. शेठ म्हणतात, तूच काहीतरी औषध टाकलंस. आधी नुकसान भरून दे, मग पैसे माग."

आम्ही पेशाने कारकून, वाणिज्य शाखेचे पदवीधर. माशांशी आमचा संबंध ताटापुरता. परंतु कारकुनाला एक सवय असते. आरोप आला की तो आधी कागद मागतो. आम्ही विचारले, "अरे, टाकीची काही नोंद ठेवली आहेस का?"

"वहीत लिहितो मामा. पण ती बघतो कोण?"

ती वही आम्ही पाहिली. शंभर पानी साधी वही. अकरा आठवडे दर रविवारी त्याने पाणी तपासून आकडे लिहिले होते. नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य. आणि पुढे शेरा, 'पाणी एकदम स्वच्छ'. एक नाही, दोन नाही, सलग सात आठवडे शून्य! हे शून्य पाहून शेठ खूश होते, भाचाही खूश होता. आणि खरा घोटाळा त्या शून्यातच होता.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी महागडी टाकी असेल असे आम्हाला वाटत नाही. परंतु आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले अशा टाक्या धुतात, भरतात, सांभाळतात. टाकीतला जीव मेला तर पहिला संशय त्यांच्यावर जातो. म्हणून या विषयाची माहिती आपल्या घरात असणे आवश्यक आहे.

टाकी नवी, समुद्र जुना

गोड्या पाण्यातले गप्पी, मोली हे मासे आपण ओळखतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीचे शास्त्र वेगळे आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात खास तयार मीठ विरघळवून समुद्राचे पाणी घरी बनवावे लागते. एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, उष्णता २५ ते २७ अंश, आणि दिवसरात्र लाटांसारखा प्रवाह. आपला स्वयंपाकातला मिठाचा पुडा येथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम असे इतर क्षारही ठरावीक प्रमाणात असतात.

पाणी भरले म्हणजे टाकी तयार झाली असे नाही. मासे खातात, विष्ठा टाकतात, त्यातून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी. वाळूत आणि दगडांत वाढणारे काही जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य. ही जिवाणूंची वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत जीव सोडण्याची घाई करू नये, हा पहिला नियम. भाच्याने तो पाळला होता.

पुढचा टप्पा मात्र कोणी शिकवला नव्हता. नायट्रेट आणि फॉस्फेट फार वाढले तर शेवाळ माजते, म्हणून ही द्रव्ये म्हणजे घाण, असा समज टाकीवाल्यांत पक्का बसला आहे. म्हणून ती काढून टाकण्यासाठी नाना उपकरणे विकली जातात. पण ही द्रव्ये संपूर्णच काढून टाकली तर काय होते, हे विकणारा सांगत नाही.

शून्य म्हणजे उपासमार

प्रवाळ, म्हणजे आपले पोवळे, ज्याला मुले 'कोरल' म्हणतात, ते झाड नाही आणि दगडही नाही. तो प्राणी आहे. लहान लहान तोंडांचे शेकडो जीव एकत्र राहून एक वसाहत होते. बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म एकपेशीय शेवाळ राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालक प्रवाळाला देते. बदल्यात प्रवाळ त्याला जागा आणि आपल्या शरीरातील टाकाऊ नायट्रोजन व फॉस्फरस देतो. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग बराचसा या भाडेकरूचा असतो. पाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस संपले की भाडेकरू उपाशी पडतो, संख्येने घटतो, आणि प्रवाळ फिकट पडत पडत पांढरे होते. औषध टाकल्याने पांढरे पडते तसेच उपासमारीनेही पडते. दिसायला फरक थोडा, कारण मात्र वेगळे.

यावर कोणी विचारील, मग निसर्गातल्या समुद्रात कसे चालते? प्रवाळाचे बेट तर निळ्याशार, नितळ पाण्यात असते. हा प्रश्न जुनाच आहे. चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळबेटांवर ग्रंथ लिहिला. पोषकद्रव्ये जवळजवळ नसलेल्या समुद्रात इतके समृद्ध जीवन कसे, या प्रश्नाला पुढे शास्त्रज्ञ 'डार्विनचे कोडे' म्हणू लागले. त्याचे उत्तर असे की तेथे शिल्लक कमी असली तरी उलाढाल मोठी असते. दर लाटेबरोबर नवे पाणी, नवे प्लवंग येतात. हजारो मासे खातात आणि विष्ठा टाकतात. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचे अन्न होतो. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य स्पंज शोषून घेतात आणि त्यांच्या झडलेल्या पेशी इतर जीव खातात, हे डच संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. आमच्या भाषेत सांगायचे तर त्या पेढीत रोकड दिसत नाही, कारण ती सारखी फिरत असते. काचेच्या टाकीत मात्र लाट येत नाही. आपण घालू तेवढेच जमा, आणि काढू तेवढे खर्च.

त्याच वर्षी इंग्लंडमधील साउदॅम्पटन विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट नाही, अशी एकांगी स्थिती झाली तर प्रवाळ उष्णतेला आणि प्रखर उजेडाला लवकर बळी पडते. म्हणजे दोन्ही हवीत, आणि प्रमाणात हवीत.

आमच्या वर्सोव्याचे उदाहरण याच्या अगदी उलट. खाडीतून शहराचे सांडपाणी येते. त्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त. नागरिकांनी २०१५ साली किनाऱ्याची सफाई हाती घेतली आणि कचऱ्याचे डोंगर उपसले. प्लास्टिक ही खरी घाण, ती गेलीच पाहिजे. परंतु माशाची विष्ठा, कुजलेले पान, बारीक कीटक हे पाण्यातले खत आहे. कोळीवाड्यातल्या एका मावशींना आम्ही ही शून्याची कथा सांगितली तेव्हा त्या टोपली खाली ठेवून हसल्या आणि म्हणाल्या, "दादा, नुसत्या नितळ पाण्यावर मासा जगतो व्हय? त्याला खायाला नको?" अकरा आठवड्यांचे कोडे मावशींनी एका वाक्यात सोडवले.

वहीने सांगितलेला हिशेब

वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. ती १९६१ साली स्थापन झाली आणि १९८९ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपली मुले तिच्या फाटकावरून रोज जातात, पण आत काय शिकवतात हे फारसे कोणाला ठाऊक नसते. मत्स्यविज्ञान शिकलेल्या एका जाणकार गृहस्थांकडे भाचा आम्हाला घेऊन गेला. त्यांनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "यात खाणे कुठे लिहिले आहे?"

तेव्हा आम्ही घरी बसून त्या टाकीचा रीतसर जमाखर्च मांडला. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.

जमेच्या बाजूला होते दोन लहान क्लाउन मासे आणि चार गोगलगायी. शेठच्या हुकुमाप्रमाणे एक दिवसाआड चिमूटभर खाणे, तेही उरले तर लगेच जाळीने काढून टाकायचे. बस्स. एवढीच जमा.

खर्चाची बाजू मात्र लांबलचक निघाली. एक, स्किमर. हे यंत्र पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडते आणि फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढते. ते चोवीस तास चालू. दोन, फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे. दुकानदाराने 'असू द्या' म्हणून दिलेले. तीन, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदल. नवे पाणी शुद्ध, त्यात नायट्रेट-फॉस्फेट नाहीच. चार, दगड. टाकीत सिमेंट व शिंपल्यांच्या चुऱ्याचे कोरडे, नवे दगड होते. असा चुनखडीचा नवा दगड पाण्यातले फॉस्फेट स्वतःच ओढून घेतो. त्याचे पोट भरेपर्यंत इतरांना काही उरत नाही. पाच, रोज दहा तास प्रखर दिवे. उजेड जास्त म्हणजे भूकही जास्त.

जमा चिमूटभर आणि खर्च पाच वाटांनी. अशा दुकानाचे दिवाळे निघायला अकरा आठवडे पुरे झाले!

उपासमारीची लक्षणे

जाणकारांनी आम्हाला जी लक्षणे सांगितली ती सगळी त्या टाकीत होती. काच दहा-दहा दिवस पुसावी लागत नाही, तिच्यावर हिरवी झाकच येत नाही. प्रवाळाचा रंग हळूहळू उतरतो. मऊ प्रवाळ दिवसा पूर्वीसारखे फुलत नाही, आखडून बसते. गोगलगायींना चरायला काही उरत नाही. आणि सर्वात त्रासदायक म्हणजे वाळूवर तपकिरी, शेंबडासारखी बुळबुळीत तार, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. हे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. इतर शेवाळ आणि जिवाणू उपाशी पडले की मोकळी जागा बघून हे पसरतात. त्यांच्या काही जाती विषारी असतात, त्या खाऊन गोगलगायी मरतात. माणूस ही तार पाहतो, 'घाण वाढली' म्हणतो, आणखी पाणी बदलतो, आणि रोग आणखी वाढवतो.

येथे एक सावधानता. वहीत शून्य आले म्हणून लगेच उपासमार समजू नये. दगडांवर लांब हिरवे शेवाळ माजलेले असेल तर नायट्रेट-फॉस्फेट ते शेवाळच गिळत असते. तपासणीत शून्य दिसते, पण घरात धान्य असते. तेथे शेवाळ हाताने उपटून काढणे हा उपाय, खत घालणे नव्हे.

काय केले, कसे केले

१) पहिली गोष्ट, पुन्हा तपासणी. तपासणीच्या बाटल्यांची मुदत पाहिली. काचेची नळी धुऊन घेतली, रंग दिवसाच्या उजेडात जुळवला, आणि दोनदा मोजले. फॉस्फेटचे अगदी लहान आकडे डोळ्यांनी रंग पाहून कळत नाहीत, त्यासाठी लहान विजेरी मापक बरा पडतो. ध्येय असे ठरले : नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट लिटरला ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम. शून्यही नको आणि भारंभारही नको.

२) खर्च थांबवला. फॉस्फेट शोषणारे दाणे काढून टाकले. स्किमर फक्त रात्री चालू ठेवला. रात्रीच का? तर अंधारात शेवाळ प्राणवायू बनवत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि स्किमरच्या बुडबुड्यांनी तो भरून निघतो. दर आठवड्याचा पाणी बदल काही काळ थांबवला. दिवे दहा तासांवरून सात तासांवर आणले.

३) जमा वाढवली. माशांना रोज तीन वेळा, थोडे थोडे, दोन मिनिटांत संपेल एवढे खाणे. खाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही मिळतात, म्हणून सर्वात सुरक्षित वाट हीच. तीन आठवड्यांनी आणखी एक लहान मासा आणला, पिंजरापद्धतीने किंवा समुद्रातून पकडलेला नव्हे, तर टाकीतच पैदास केलेला.

४) दोन आठवडे खाणे वाढवूनही नायट्रेट हलेना, तेव्हा शुद्ध सोडियम नायट्रेट वापरले. येथे आमची आकडेमोड कामी आली. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे १९० लिटर. दगड-वाळू वजा जाता पाणी १६० लिटर. लिटरमागे १ मिलिग्रॅम वाढवायचे तर १६० मिलिग्रॅम नायट्रेट हवे. सोडियम नायट्रेटमध्ये वजनाच्या सुमारे ७३ टक्के नायट्रेट असते, म्हणून २२० मिलिग्रॅम पावडर लागेल. इतके बारीक वजन रोज करणे अवघड. म्हणून २२ ग्रॅम पावडर एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून ठेवली. त्यातले १० मिलिलिटर टाकले की टाकीतले नायट्रेट १ ने वाढते. दिवसाला एवढेच, त्यापेक्षा जास्त नाही, आणि दर दोन दिवसांनी तपासणी.

ही पावडर प्रयोगशाळेच्या शुद्धतेची असावी. शेतीच्या खताच्या दुकानातली मिश्र खते टाकीत कदापि घालू नयेत, त्यांत अमोनिया आणि तांब्यासारखे धातू असू शकतात. तांबे गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ यांना विष आहे. ही पावडर आगीला जोर देते, म्हणून चूल, काडेपेटी आणि मुले यांपासून लांब, बाटलीवर नाव लिहून ठेवावी.

५) फॉस्फेट खाण्यातूनच चढू दिले. आज ०.०३ आले तर दोन दिवसांनी पुन्हा शून्य, कारण दगड ओढून घेत होते. भाचा हताश झाला. जाणकार म्हणाले, दगडाचे पोट भरू दे, घाई नको. ज्यांना फॉस्फेटचे तयार द्रावण वापरायचे असेल त्यांनी बाटलीवरचे प्रमाण पाळावे, आणि अर्ध्यानेच सुरुवात करावी.

६) तपकिरी तारेवर कोणतेही औषध टाकले नाही. रोज पातळ नळीने ती ओढून घेतली, गाळणीच्या कापडातून पाणी गाळले, आणि तेच पाणी परत टाकीत सोडले.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी काचेवर पहिली हिरवी झाक आली. भाच्याने रात्री फोन करून सांगितले, "मामा, काच पुसावी लागली!" काच मळली म्हणून आनंद झालेला माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला. पाचव्या आठवड्यात तपकिरी तार विरळ झाली. आठव्या आठवड्यात वहीत नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५ अशी नोंद झाली, आणि मऊ प्रवाळ पुन्हा फुलू लागले. एक लहान वसाहत मात्र वाचली नाही. तिच्यापर्यंत आम्ही उशिरा पोचलो.

कायदा ठाऊक असू द्या

ही गोष्ट आम्ही ठळक अक्षरांत छापावी अशी संपादकांना विनंती केली असती. दगडी सांगाडा असलेली सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे यांचा समावेश २००१ साली वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत पोवळे! ते समुद्रातून काढणे, विकणे, बाळगणे हा गुन्हा असून कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैदेची तरतूद आहे. समुद्रातून उपटलेला प्रवाळाचा 'जिवंत दगड' हाही त्यातलाच प्रकार. मालकाने सांगितले, दुकानदाराने दिले, मी नुसता पोचवला, असे म्हणून सुटका होत नाही. ज्याच्या हातात पिशवी सापडते तो आधी अडकतो. तेव्हा कोणता जीव यादीत मोडतो याची वनखात्याकडे खात्री करा, पावतीशिवाय जीव हातात घेऊ नका, आणि दगड कृत्रिमच वापरा. आमच्या भाच्याने दगडी कोरल आणून देण्यास साफ नकार दिला होता. शेठचा राग त्यावरूनही होता, हे नंतर कळले.

आपल्या मुंबईच्या खडकांवरही प्रवाळ आहे, हे किती जणांना माहीत आहे? सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी, २०२० साली, वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. कायद्याचे संरक्षण असल्यामुळेच ते करावे लागले.

हात आणि वीज

टाकी सांभाळणाऱ्या मुलांसाठी दोन शब्द. खारे पाणी आणि वीज यांची जवळीक जीवघेणी असते. हात घालण्यापूर्वी बटण बंद करा. प्रत्येक वायरीला बटणाच्या खाली झोल ठेवा, म्हणजे ओघळलेले थेंब बटणात न जाता खाली पडतील. गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवून घेण्याचा आग्रह धरा. काही मऊ प्रवाळांत अत्यंत जहाल विष असते. ते घासू नका, त्यांच्यावर उकळते पाणी टाकू नका, वाफ आणि शिंतोडे डोळ्यांत-श्वासात जाऊ देऊ नका. हातमोजे आणि चष्मा वापरा. हाताला जखम असेल त्या दिवशी टाकीत हात घालू नका. मालक 'काही होत नाही' म्हणाला तरी हात आपला आहे.

वीणेची तार

शेठकडे आम्ही वही आणि जमाखर्चाचा कागद घेऊन गेलो. आवाज चढवला नाही. शेठ व्यापारी माणूस. जिवाणूंची भाषा त्यांना रुचली नाही, पण जमा आणि खर्चाच्या दोन बाजू त्यांनी तत्काळ वाचल्या. अकरा आठवड्यांत औषधाची एकही नोंद नाही, आणि खाणे तोडण्याचा हुकूम कोणाचा होता, हे कागदावर स्पष्ट होते. अडकलेला पगार दोन हप्त्यांत मिळाला. 'माझी चूक झाली' असे शेठ म्हणाले नाहीत. तशी आमची अपेक्षाही नव्हती. मात्र त्या दिवसापासून भाचा प्रत्येक घरी एक पानाचा करार करून घेतो. काम कोणते, पगार किती व कोणत्या तारखेला, तपासणीच्या सामानाचा खर्च कोणाचा, आणि नवा जीव आणण्याचा निर्णय कोणाचा. खाली दोन सह्या. आणि वहीत आता खाण्याचाही रकाना आहे.

तथागतांनी सोण भिक्खूला सांगितलेला वीणेचा दाखला आपण विहारात ऐकला आहे. सोण इतका कठोर चालला की त्याचे पाय रक्ताळले. गृहस्थाश्रमात तो वीणा वाजवीत असे. तार फार ताणली तर सूर निघत नाही, फार सैल सोडली तरीही नाही, हे भगवंतांनी त्याच्याच तोंडून वदवून घेतले. टाकीत नायट्रेट साठले तर शेवाळ, शून्य झाले तर मरण. मध्यम मार्ग असा पाण्यालाही लागू पडतो, आणि तो सापडतो मोजमापाने, अंदाजाने नव्हे.

शेवटी एक विचार. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना सार्वजनिक पाण्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या नातवंडांच्या हाती आज घराघरांतले पाणी सांभाळण्याचे काम आले आहे. ते काम 'टाकी धुणारा पोऱ्या' म्हणून करायचे की जाणकार म्हणून, हे शिक्षणावर अवलंबून आहे. बारावी विज्ञान शाखेनंतर मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी घेता येते. रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर आणि उदगीर येथे महाविद्यालये आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आरक्षण आणि शिष्यवृत्ती आहे. आईवडिलांनी डॉक्टर-इंजिनिअरच्या यादीत हेही नाव लिहून ठेवावे.

आमचा भाचा आता पुन्हा अभ्यासाला बसला आहे. बारावी त्याने कला शाखेतून केली, म्हणून विज्ञानाचे विषय नव्याने घ्यावे लागतील. परीक्षेचा अर्ज आम्हीच भरून दिला. रात्री दहाला कामावरून येतो आणि अकरापर्यंत पुस्तक उघडे असते. परवा आमच्या बहिणीने विचारले, "दादा, एवढं शिकून करणार काय हा? शेवटी मासेच ना?"

आम्ही म्हणालो, "ताई, मासेच. पण आता त्याची वही लोक वाचतील."

जयभीम!